चौतीस मार्कांची चूक

मार्नी जेवणावरून तिसऱ्यांदा उठली. पहिल्यांदा ती मीठ आणायला उठली होती; मीठ टेबलावरच होतं. दुसऱ्यांदा पंखा वाढवायला. आता तिनं कारणही शोधलं नाही. खुर्ची मागे सरकवली, व्हरांड्याच्या कठड्यापर्यंत गेली, उसाकडे पाहिलं आणि परत आली. रविवारी ती लक्ष एकाग्र राहायची गोळी घेत नसे. पाच दिवस शाळेसाठी, दोन दिवस पोटासाठी, असं डॉक्टरांशी ठरलं होतं. गोळी घेतली की भूक मरायची, आणि आजीच्या, नोन्नाच्या, टेबलावर बसून न जेवणं झानाता घराण्यात कुणाला कधी माफ झालं नव्हतं.

"बूड टेक गं जरा," रेन्झोकाका मक्याची दाट लापशी ताटात वाढून घेत म्हणाला. "पोलेंटा काही पळून चालला नाहीये."

"बसलेय की."

"बसलीयस, पण टेबल हलतंय."

मार्नीनं पाय खुर्चीच्या दांडीला अडकवला. टेबल थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा हलायला लागलं.

साखर कारखाना दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद होता, म्हणून, इथं ऊसतोड ऑगस्टमध्ये ऐन भरात असूनही, हा रविवार सगळ्यांना मोकळा मिळाला होता. दारिओ, मार्नीचा बाप, कारखान्यातच फिटर. त्याचा थोरला भाऊ रेन्झो वडिलांमागे शेत बघायचा आणि टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवरही बसायचा. त्याची बायको बहिणीकडे टाउन्सव्हिलला गेली होती. मुलगी लिव्हिया तेवढी आली होती, बारावीतली, शाळेत पहिली येणारी, समोर ताट आणि मांडीवर रसायनशास्त्राच्या नोट्स. मार्नीची आई केरिन सकाळपासून गप्प होती. ती दवाखान्यात नर्स होती, आणि दमली की गप्प व्हायची, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

"उद्या अकरावीच्या विषयनिवडीची मुलाखत ना तुझी?" लिव्हियानं विचारलं. "काय घेणारेस?"

"वरचं गणित. भौतिक. भूगोल." मार्नीनं ब्रेडचा तुकडा मोडला, मग त्याचे दोन केले, मग चार. "पुराचं काम करायचं तर वरचं गणित लागतंच."

पुराचं काम म्हणजे काय ते टेबलावर सगळ्यांना पाठ होतं. दीड वर्षापूर्वी हर्बर्ट नदी या घराच्या खालच्या मजल्यात शिरली, तेव्हा सगळे दोन दिवस वर अडकून पडले होते आणि रेडिओवर एक बाई दर तासाला नदीची उंची सांगत होती. इतकी आहे, पहाटेपर्यंत इतकी होईल. बाकीच्यांनी त्या दोन दिवसांत देवाचं नाव घेतलं. मार्नीनं भिंतीवर पेन्सिलीनं आकडे लिहिले. दोन दिवस ती एका जागी बसली होती. नोन्नानं त्या पेन्सिलीच्या खुणा अजून पुसू दिल्या नव्हत्या.

"आणि मागच्या आठवड्यातला गणिताचा पेपर?" काकानं काटा खाली ठेवला. त्याचा चेहरा उजळला होता. "कसा गेला म्हणालीस?"

"मस्त गेला."

"मस्त!" काकानं टाळी वाजवली. "चला, कागद काढा. खेळू या."

हा खेळ काकानंच काढला होता, मार्नी आठवीत असताना. प्रत्येकानं कागदी रुमालावर तिच्या मार्कांचा आकडा लिहायचा. ज्याचा सगळ्यात जवळ, त्याला भांडी माफ. मार्नीही दरवेळी हसत खेळायची, कारण खेळली नाही तर लागलंय असं दिसलं असतं. अडीच वर्षांत तिला एकदाही भांडी माफ झाली नव्हती.

"रेन्झो, राहू दे," केरिन म्हणाली.

"अगं गंमत आहे. निकाल लागला का पण?"

केरिनचा हात ताटाशेजारच्या फोनवर गेला आणि तिथंच राहिला. ते मार्नीनं पाहिलं. मार्नीला काय दिसत नाही याच्या तक्रारी सगळे करायचे, पण आईच्या हाताचं तिला सगळं दिसायचं.

"लागलाय," ती म्हणाली. "आई, लागलाय ना? तुला आलाय."

"जेवण होऊ दे."

"आधी आकडे," काकानं रुमाल वाटले. "मार्नी, तू मोठ्यानं सांग. तुझं नेहमी तोंडी."

"पंचाहत्तर," मार्नी म्हणाली. "किमान."

ती फुशारकी मारत नव्हती. हे कुणाला सांगून पटलं नसतं. त्या दिवशी पेपर हातात आला तेव्हा पहिला प्रश्न वाचताच सगळं उजळल्यासारखं झालं होतं; कुठून सुरुवात, कुठं शेवट, सगळं एका दमात दिसलं. ती भराभर लिहीत गेली. मान वर केली तर वीस मिनिटं शिल्लक होती आणि सगळा वर्ग अजून खाली माना घालून लिहीत होता. आपण सगळ्यांच्या पुढे आहोत, असं तिला वाटलं होतं, आणि ते वाटणं खरं होतं. पोटात, हातात, सगळीकडे खरं.

"आई, तुझा?" काकानं नोन्नाकडे रुमाल सरकवला.

इनेस नोन्ना ऐंशीला टेकली होती. तिनं रुमाल घेतला, त्यानं ओठ पुसले आणि चुरगाळून ताटात टाकला. "मी भांडी घासीन."

बाकीचे रुमाल उघडले. दारिओचे पंचावन्न. काकाचे अडतीस. लिव्हियाचे बेचाळीस.

"बाबा, पंचावन्न?" मार्नी म्हणाली.

"अगं, मी सगळ्यांत जास्त दिलेत," दारिओ ओशाळं हसला.

"केरिन, सांगून टाक," काका म्हणाला. "पोरगी वाट बघतेय."

केरिननं फोन उचलला नाही. आकडा तिला पाठ होता. "एकेचाळीस."

काकानं हसू आवरायचा प्रयत्न केला, तो फसला. दारिओही हसला, सवयीनं, गालातल्या गालात. लिव्हिया हसली नाही, पण तिच्या हातात बेचाळीसचा रुमाल होता आणि तो कुठं ठेवावा हे तिला कळेना.

"एकेचाळीस शक्यच नाही," मार्नी म्हणाली. "बेरीज चुकली असेल."

"दरवेळी बेरीज चुकते गं तुझ्या बाईंची," काका म्हणाला. "हे बघ, राग नको मानू. आपलं आपल्याला कळायला हवं ना? पंचाहत्तर कुठं, एकेचाळीस कुठं! ज्याला आपला आवाका कळत नाही..."

"तू यंदा कारखान्याला किती टन सांगितलेस?" नोन्नानं मधेच विचारलं.

"आई, त्याचा इथं काय संबंध?"

"खालच्या रानाचे नऊशे सांगितलेस. निघाले किती?"

"उंदीर लागले, आई. त्यात फेब्रुवारीत पाणी..."

"हां. तुला उंदीर लागतात." नोन्नानं पोलेंटाचं भांडं त्याच्याकडे ढकललं. "घे, गार होतंय."

दारिओ आता मोकळेपणानं हसला, भावाला. काकाचे कान लाल झाले. गोष्ट तिथंच संपली असती. पण केरिन अचानक बोलली, भरभर, जणू थांबली तर बोलणं व्हायचंच नाही.

"मी तिचा विषय बदललाय. शुक्रवारीच शाळेला मेल केला. साधं गणित. उद्या नुसती सही करायचीय."

टेबल हलायचं थांबलं.

"मला न विचारता?" हे मार्नी नाही, दारिओ म्हणाला.

"तू तर तिला पंचावन्न दिलेस, दारिओ! दोन मिनिटांपूर्वी!"

"तो खेळ होता. हा फॉर्म आहे."

"बरोबर केलंस, केरिन," काका म्हणाला. "साध्या गणितावर काय लोक जगत नाहीत?"

"तू गप्प बस रे, रेन्झो. माझ्या घरातलं मी बघीन," दारिओ म्हणाला.

"मग बघितलं असतंस आधीच!" काका म्हणाला.

"मी घरी एकटीच असते तिच्याबरोबर अभ्यासाला," केरिनचा आवाज चढला. "तू येतोस, दारिओ, म्हणतोस होईल गं सगळं, आणि झोपतोस. दर निकालाला ती अशी बसते ना, हे असं तोंड करून, ते मी बघते."

मार्नीचं तोंड कसं झालं होतं ते मार्नीला दिसत नव्हतं. तिला दिसत होता फक्त लिव्हियाच्या हातातला रुमाल. आणि मग तिला एक गोष्ट आठवली. भलत्या वेळी भलतं आठवणं हा तिचा रोजचा त्रास होता. आज ते नेमकं वेळेवर आलं.

"लिव्ह, जूनमध्ये तुझी गणिताची परीक्षा झाली. तू इथंच बसून रडत होतीस. किती मिळतील म्हणाली होतीस?"

"माझं काय मधेच?"

"सांग ना."

"पन्नाससुद्धा नाही, असं काहीतरी."

"आणि मिळाले चौऱ्याण्णव." मार्नी उभी राहिली. "म्हणजे तू चव्वेचाळीसनं चुकलीस. मी चौतीसनं. दहानं तू जास्त चुकलीस. मग तुझ्यावर का नाही रुमाल काढले कुणी? तू चुकलीस तर तू विनयी. मी चुकले तर मी खोटारडी."

कुणी खोटारडी म्हटलं नाही, असं काका म्हणायला गेला. पण ती आठवीत असताना त्यानंच म्हटलं होतं, आणि ते त्याच्यासकट सगळ्यांना आठवत होतं. मार्नी पायऱ्या उतरून गेली. मागे व्हरांड्यावर तिघं एकदम बोलत होते.

घरामागे उसाच्या छोट्या रेल्वेचा फाटा होता. रिकामे डबे रांगेनं उभे होते. मार्नी पहिल्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. प्रत्येक डब्यावर थाप मारली. चौथ्या फेरीला लिव्हिया रुळांवर उभी दिसली, हातात फोन.

"काकूनं दिला," ती म्हणाली. "बाईंनी तुझा पूर्ण पेपर पाठवलाय. मार्क मी झाकलेत. बघायचाय?"

"कशाला? आणखी हसायला?"

"मी नाही हसले."

"बेचाळीस लिहिलेस."

"हो." लिव्हिया रुळावरच बसली. "भांडी घासायची नव्हती मला. सॉरी." मग जरा थांबून, "ते चव्वेचाळीसचं खरं आहे गं. मला दरवेळी नापास झाल्यासारखंच वाटतं. बाबा म्हणतो, असंच वाटायला हवं, म्हणून पहिली येतेस. मला झोप येत नाही, मार्नी. दोन महिने झाले."

लिव्हियाला झोप येत नाही ही गोष्ट मार्नीच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. ती तिच्या शेजारी बसली.

"दाखव."

पहिल्या प्रश्नाच्या पानावर लिव्हियानं मार्कांवर अंगठा ठेवला. प्रत्येक प्रश्न वीस मार्कांचा. "आता बघून सांग. किती?"

"अठरा."

अंगठा उचलला. सोळा. दुसऱ्याला मार्नी पंधरा म्हणाली, होते चौदा.

"बघ! मला कळतं!"

"पुढं चल."

तिसरं पान पाहून ती अडखळली. सुरुवात झकास होती. मग अर्ध्या ओळीत समीकरण सोडून दिलेलं, आणि बाजूला बाण काढून चौथ्या प्रश्नाची उपपत्ती सुरू. तिला आठवलं. चौथा जास्त मजेशीर दिसला होता, म्हणून ती तिकडे पळाली, तिसऱ्याला परत यायचं ठरवून. परत आली होती, अशी तिची आत्तापर्यंत खात्री होती.

"बारा," ती म्हणाली. "नाही. दहा."

सहा. चौथ्याला ती आठ म्हणाली, पाच.

"आणि पाचवा?"

"पाचवा कुठला? चारच होते."

लिव्हियानं बोटानं पान सरकवलं. छापील प्रश्न, नदीच्या पात्राचा उतार आणि वेग, खाली कोऱ्या ओळी. एकही अक्षर नाही.

मार्नीनं फोन हातात घेतला. हे पान तिचं नव्हतं. कुणीतरी नंतर लावलं असावं. मग तिला ती वीस मिनिटं आठवली, सगळ्या वर्गाच्या खाली गेलेल्या माना, आणि आपण मागं रेलून छताकडे पाहत होतो ते. सगळे हेच पान लिहीत होते. आत्ता वाटलं तेवढं लाजिरवाणं तिला एकेचाळीस ऐकतानाही वाटलं नव्हतं.

"मी पान उलटलंच नाही," ती म्हणाली. "नदीचा प्रश्न होता, लिव्ह. नदीचा!"

"मग आत्ता सोडव." लिव्हियानं रसायनशास्त्राच्या नोट्सची कोरी बाजू पुढं केली. "आधी सांग, किती मिळतील?"

वीस, असं मार्नीच्या तोंडाशी आलं होतं. ती थांबली. "दहा."

पंचवीस मिनिटं लागली. त्यात ती दोनदा उठून डब्यांना फेरी मारून आली, आणि दोन्ही वेळा लिव्हियानं नुसतं "कागद इथं आहे" एवढंच म्हटलं. मग लिव्हियानं तपासलं. ती तपासण्यात दयामाया करणारी नव्हती.

"सात."

"म्हणजे एकेचाळीस आणि सात..."

"अठ्ठेचाळीस."

पान उलटलं असतं तरी पास व्हायला लागणारे पन्नास नाहीत. मग मार्नीला हसू फुटलं, आणि लिव्हियालाही, आणि ते काही केल्या थांबेना.

केरिन आली तेव्हा त्या अजून हसत होत्या. ती लांबच उभी राहिली. लिव्हियानं फोन मार्नीच्या हातात दिला आणि घराकडे गेली.

"काका गेला का?" मार्नीनं विचारलं.

"भांडी घासतोय. नोन्नानं बसवलंय त्याला." केरिननं डब्याला पाठ टेकवली. "मेल करायच्या आधी तुला सांगायला हवं होतं."

"हो."

"मला भीती वाटते गं. तू एवढ्या उंचावरून पडतेस दरवेळी. मला बघवत नाही."

"आई, मी पडते तेव्हा मला कळतच नाही." मार्नी रुळाच्या कडेचे खडे उचलत होती, एकेक. "मला खरंच मस्त गेल्यासारखं वाटतं. तुम्ही हसता तेव्हा कळतं, पडले म्हणून."

केरिननं तोंडावर हात धरला. मार्नीनं तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला पुढचं बोलता आलं नसतं. "एकेक प्रश्न समोर ठेवून विचारलंस ना, तर मी एवढी नाही चुकत. आख्ख्या पेपरचं विचारू नकोस. आख्खा पेपर माझ्या डोक्यात राहतच नाही. जे आवडलं तेवढंच राहतं."

"हे कधी कळलं तुला?"

"आत्ता. लिव्हनं करून घेतलं."

सोमवारी शाळेत तिघंही गेले. दारिओनं पाळी बदलून घेतली होती आणि शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावली होती. उपमुख्याध्यापिका मिसेस हॅलोरन यांच्यासमोर केरिनचा मेल छापून ठेवलेला होता.

"तर साधं गणित," त्या म्हणाल्या. "सही इथं."

"ते मी मागं घेते," केरिन म्हणाली. "मी घाई केली. विषय तिचा आहे, ती बोलेल."

मार्नीनं गोळी घेतली होती. पाय तरी हलतच होता. "मला वरचं गणित हवंय. मला एकेचाळीस आहेत हे मला माहीत आहे. शेवटचं पान मी उलटलं नव्हतं, पण उलटलं असतं तरी अठ्ठेचाळीसच झाले असते. काल करून बघितलं."

मिसेस हॅलोरननी चष्मा काढला. पान राहून गेलं असं सांगणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती; उलटूनही नापासच झाले असते असं पुढं सांगणारं कुणी पाहिलं नसावं. "पन्नासच्या खाली मला देता येत नाही," त्या म्हणाल्या. "नियम आहे. पण दहा दिवसांनी फेरपरीक्षा घेता येईल. नवा पेपर. किती मिळतील असं वाटतं?"

मार्नीच्या तोंडात आकडा तयार होता, गोल, मोठा आणि खरा वाटणारा.

"आत्ता नका विचारू," ती म्हणाली. "मला प्रत्येक प्रश्नाशेजारी लिहू द्याल? उत्तर झालं की, किती मिळतील ते?"

मिसेस हॅलोरननी ते कागदावर टिपून घेतलं. "आणि पानं?"

"पानांना मी आधीच नंबर घालीन."

ते दहा दिवस घरात सुखाचे गेले नाहीत. दोनदा मार्नीनं वही भिरकावली, एकदा केरिननं. रेन्झोकाकाचा एकदा फोन आला, तो खूप वेळ पावसाबद्दल बोलला, आणि ठेवताना म्हणाला, "रुमालांचं जरा जास्तच झालं माझं." लिव्हिया संध्याकाळी यायची, मार्नीची उत्तरं तपासायची, आणि घरी जायच्या आधी मार्नी तिला रोज एक प्रश्न विचारायची: आज काय काय बरोबर आलं तुझं, मोजून सांग. लिव्हियाला ते सांगायला फार जड जायचं.

निकालाच्या दिवशी बाईंनी पेपर मार्नीच्या हातात दिला तेव्हा मधली सुट्टी होती. तिथंच, जिन्यात, धक्के खात तिनं तो उघडला. प्रत्येक प्रश्नाशेजारी दोन आकडे. तिचा पेन्सिलीचा, बाईंचा लाल. सतरा, सोळा. सोळा, बारा. चौदा, नऊ. ती पुढं गेली आणि थबकली. चौथ्याशेजारी तिनं लिहिलं होतं: काही कळलं नाही, शून्य. आणि खाली लाल शाईत नऊ.

ती तिथंच मोठ्यानं हसली. खालून वर येणाऱ्या दोन पोरी दचकल्या. तिनं दवाखान्यात फोन लावला.

"आई! ऐक! चौथ्याला मी शून्य धरले होते आणि नऊ मिळाले! मला वाटलं येत नाही आणि मला येत होतं! असं कधीच झालं नव्हतं, आई, कधीच!"

"मार्नी, पास झालीस का?"

मागं कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"थांब हं," मार्नी म्हणाली आणि पेपर उलटा करून पहिलं पान शोधायला लागली. "ते बघायचं राहिलंच. थांब... त्रेपन्न."